आधी खरेदी, मग सल्लामसलत

१५ मिनिटांची एक ऑनलाइन चाचणी. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थिनीला २५ टक्के जादा वेळ मंजूर आहे, म्हणजे या चाचणीत तिला पावणेचार मिनिटं जास्त मिळायला हवीत. मंजुरीपत्र तिच्याकडे आहे, त्याची प्रत विद्यापीठाच्या अपंगत्व कक्षाकडे आहे. पण चाचणी ज्या प्रणालीवर होते तिला या पत्राचा पत्ताच नसतो. बऱ्याच प्रणालींत शिक्षकाला प्रत्येक चाचणीच्या सेटिंगमध्ये शिरून, त्या विद्यार्थिनीचं नाव शोधून वेळ हाताने वाढवावा लागतो. सत्रात ५ विषय आणि प्रत्येकात ६ चाचण्या धरल्या तर हे ३० वेळा. शिक्षक विसरला की १५व्या मिनिटाला उत्तरं आपोआप जमा होतात. मग मेल, मग उत्तराची वाट, मग "पुढच्या वेळी आठवण कर" असा सल्ला. दुसऱ्या सत्रापासून ती आधीच आठवणीचे मेल पाठवायला लागते. ज्या व्यक्तीला लिहिण्यावाचण्यातच जास्त वेळ लागतो तिने लिहिलेले, दोनदोनदा तपासलेले ३० मेल.

वार्षिक अहवालात हीच विद्यार्थिनी 'जादा वेळ मंजूर' या रकान्यात मोजली जाते. रकाना खोटा नाही. कक्षाला मंजुरी दिसते, शिक्षकाला आपल्या विषयाच्या ६ चाचण्या दिसतात, संगणक विभागाला प्रणाली सुरळीत चाललेली दिसते. या तिघांच्या मधल्या फटींत काय सांडतं ते फक्त तिला दिसतं, कारण सगळ्या खिडक्यांपुढून तीच एकटी जाते.

अपंग आणि न्यूरोडायव्हर्जंट (डिस्लेक्सिया, स्वमग्नता यांसारखी मेंदूची वेगळी घडण असलेल्या) विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या सुधारणेत घ्यायचं ते या माहितीसाठी. ती दुसऱ्या कुणाकडे नसते. आणि घ्यायचं तर कधी, यावर सगळं अडतं. प्रणाली विकत घेताना "एकदा नोंदवलेला जादा वेळ सगळ्या चाचण्यांना आपोआप लागू होतो का?" एवढं कुणी विचारलं असतं तर निविदेत एक ओळ वाढली असती. ५ वर्षांचा करार होऊन गेल्यावर हाच प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: "सूचना नोंदवून घेतली आहे." विद्यापीठं विद्यार्थ्यांना बोलावतात, हल्ली बरीच बोलावतात, पण तक्रारीच्या टोकाला. तिथे सांगितलेलं ऐकून घेण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरलेलं नसतं.

'दिव्यांग' म्हणावं की 'अपंग' यावर आपल्याकडे जितकी चर्चा होते, तितकी 'सवलत' या शब्दावर होत नाही. ती व्हायला हवी. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि घेणाऱ्याने तिचे आभार मानायचे असतात. वाचता येईल अशी फाइल, जादा वेळ, लेखनिक या सवलती नाहीत, सोयी आहेत. फळा आणि दिवे असतात तशा. हा शब्दच्छल वाटेल, पण कागदावर 'सवलत' लिहिलं की पुढची बैठक 'किती द्यायची' यावर होते आणि 'सोय' लिहिलं की 'कशी करायची' यावर.

इतिहासात या बाबतीत जे घडलं ते विद्यार्थ्यांनी घडवलं. एड रॉबर्ट्स १९६२ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. पोलिओनंतर त्यांना श्वासासाठी आयर्न लंग हे भलंमोठं यंत्र लागायचं आणि वसतिगृहात त्याची सोय नव्हती, म्हणून राहायला जागा मिळाली ती विद्यापीठाच्या रुग्णालयात. त्यांच्यामागून आणखी विद्यार्थी आले, त्यांनी स्वतःच्या गटाला 'रोलिंग क्वाड्स' (चाकांवरचे, हातापायांना लकवा असलेले) हे नाव दिलं, १९७० मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम उभा केला आणि १९७२ मध्ये 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' हे स्वतंत्रपणे जगण्यासाठीचं केंद्र. त्या कार्यक्रमात काय होतं ते बघण्यासारखं आहे: मदतनीसांची यादी, राहण्याच्या जागेचा शोध आणि व्हीलचेअरची दुरुस्ती. दुरुस्ती! खुर्चीचं चाक निखळलं की तास बुडतो, दुसऱ्या दिवशीचाही बुडतो. चालत येणाऱ्यांच्या समितीला हे सुचलं नसतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच गॅलॉडेट विद्यापीठाचं. १८६४ पासून कर्णबधिरांसाठी चालणाऱ्या या संस्थेला १९८८ पर्यंत एकही कर्णबधिर अध्यक्ष मिळाला नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये विश्वस्त मंडळाने पुन्हा ऐकू येणाऱ्या उमेदवाराला निवडलं आणि विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. आठवड्याभरात कर्णबधिर असलेले आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. पण विद्यार्थ्यांच्या ४ मागण्यांतली एक कमी आठवली जाते: विश्वस्त मंडळात ५१ टक्के सदस्य कर्णबधिर असावेत. माणूस बदलून भागणार नाही, मतं मोजतात त्या टेबलावर जागा हवी, हे त्यांना कळलेलं होतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारातलं चौथं कलमही अपंग व्यक्तींशी निकट सल्लामसलत आणि त्यांचा सक्रिय सहभाग, अशी दोन्ही कर्तव्यं घालून देतं. बहुतेक देशांनी त्यावर सह्या केल्या आहेत, तेव्हा तत्त्वाचा वाद संपलेला आहे. वाद आहे तो कार्यपद्धतीचा.

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं, मत विचारणं आणि मन राखणं या मधल्या तीन पायऱ्यांना त्यांनी सरळ देखावा म्हटलं. विद्यापीठांचा बहुतेक सहभाग याच तीन पायऱ्यांवर बसलेला असतो: माहितीपत्रक, सर्वेक्षण आणि वर्षातून एकदा चहापानासह बैठक. सर्वेक्षणाचा तर स्वतंत्र घोटाळा आहे. ४०० उत्तरांची सरासरी ५ पैकी ४.१ आली की सगळे समाधानी दिसतात, आणि ज्या ६ जणांना इमारतीत शिरताच येत नाही ते त्या सरासरीत विरघळून जातात. समावेशनात सरासरीला काही अर्थ नसतो. कोण अडलं आणि कुठे अडलं एवढंच बघायचं असतं.

खरेदीची जागा नीट पाहू, कारण सर्वात जास्त नुकसान तिथे होतं आणि सर्वात कमी लक्षही तिथेच असतं. विक्रेता एक अनुपालनपत्र देतो. वेब सुलभतेच्या 'डब्ल्यूसीएजी' निकषांतले मुद्दे त्यात ओळीने 'पूर्ण' अशी खूण केलेले असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५:१, सगळं काही नुसत्या कीबोर्डने करता येणं, मजकूर मोठा केला तरी आडवं सरकवावं न लागणं, वगैरे. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीने त्यात लॉगिनची भर घातली: आत शिरण्यासाठी स्मरणशक्तीची किंवा कोडं सोडवण्याची परीक्षा घ्यायची असेल तर पर्यायी वाट द्यावी. हे निकष उत्तम आहेत. पण पत्र विक्रेत्याने स्वतःच भरलेलं असतं, आणि आपोआप तपासणारी साधनं कोडमधली ठरावीक प्रकारची चूकच पकडतात. बटणाला नाव आहे की नाही हे साधनाला कळतं. एकाच पानावरच्या ७ बटणांचं नाव 'अधिक' आहे आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) सातही वेळा 'अधिक' एवढंच बोलतो, ही पंचाईत कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळते.

म्हणून निविदेच्या शेवटच्या फेरीत उरलेल्या दोन-तीन प्रणाली विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात आणि ६ कामं करायला सांगावीत: लॉगिन करणं, आजचं वेळापत्रक शोधणं, वाचनसाहित्य उघडणं, गृहपाठ जमा करणं, शिक्षकाचा शेरा वाचणं आणि वेळेचं बंधन असलेली चाचणी देणं. एकजण स्क्रीन रीडरवर, एकजण माउसशिवाय, एकजण पडद्यावरचं ४०० टक्के मोठं करून, एकजण मोबाइलवर. एडीएचडी (लक्ष एकाग्र ठेवणं अवघड जाणारी स्थिती) असलेल्या विद्यार्थ्याला मध्येच १० मिनिटं थांबवून पुन्हा सुरू करायला सांगावं, म्हणजे अर्धवट काम जपलं जातं की गायब होतं ते समजेल. प्रत्येक काम 'स्वतः झालं', 'कुणाच्या मदतीने झालं', 'झालंच नाही' एवढ्या तीन खुणांनी नोंदवावं. यासाठी गुणांकनात १० टक्के ठेवले तर स्वस्त प्रणाली किमतीच्या जोरावर तरीही जिंकते. त्यामुळे गुणांपेक्षा अट हवी: ६ पैकी एकही काम कुणाला 'झालंच नाही' तर दुरुस्त करून पुन्हा दाखवल्याशिवाय करार नाही. विद्यार्थ्यांचा अधिकार कागदावर उतरतो तो या एका वाक्यात. खरेदी विभागाचा विरोधही याच वाक्याला असतो.

बांधकामाचं गणित वेगळं नाही. उतार १:१२ चा, नियमाबरहुकूम. वर पोचल्यावर समोर बाहेर उघडणारा जड दरवाजा आणि थांबायला सपाट जागा अपुरी. एका हाताने दार ओढायचं, दुसऱ्या हाताने खुर्ची मागे घसरू द्यायची नाही, आणि दार आपल्याच अंगावर येणार. नकाशावर हे दुरुस्त करायला खोडरबर पुरतं. नंतर फरशी फोडावी लागते. विद्यार्थ्यांना नकाशे दाखवायचे ते प्राथमिक आराखडा झाल्यावर आणि निविदेआधी, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी त्यांची उठावाची प्रत किंवा शब्दांतलं वर्णन सोबत. ज्यांना आवाज आणि उजेड सोसत नाही त्यांना नकाशाच्या पलीकडचं विचारावं लागतं: हात वाळवायचं यंत्र वाचनकक्षाच्या भिंतीला लागून आहे का, दिवे लुकलुकतात का, परीक्षेच्या खोलीच्या डोक्यावर जिना आहे का.

आता बोलवायचं कुणाला. नेहमीची चूक म्हणजे एक बोलका, हुशार, बहुधा व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी गाठायचा आणि त्याला सगळ्या समित्यांवर बसवायचं. दीड वर्षात तो थकतो आणि त्याचा अभ्यास मागे पडतो. ८ ते १२ जणांचा गट असावा. त्यात दिसणारं अपंगत्व असलेले हवेत तसे न दिसणारे आजार, वेदना, मानसिक आजार असलेलेही. स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेले. अर्धवेळ शिकणारे आणि संशोधक विद्यार्थी. प्रमाणपत्राची अट नको. निदान महाग असतं, त्यासाठी रांग असते, आणि अनेकांना, विशेषतः मुलींना, ते विशी-पंचविशीपर्यंत मिळत नाही. प्रमाणपत्र मागितलं की व्यवस्थेत आधीच सोय झालेलेच पुढे येतात आणि ज्यांचं अडलंय ते बाहेर राहतात. एक वर्ग तर कायमच विसरला जातो: शिक्षण सोडून गेलेले. त्यांना ३ महिन्यांनी एक फोन आणि ५ प्रश्न, एवढं केलं तरी गटाला कधी न दिसणारी माहिती हाती लागते.

गटात बसणं म्हणजे आपलं अपंगत्व जाहीर करणं, असं होता कामा नये. नाव न देता लिहिण्याची वाट उघडी ठेवावी, आणि अहवालात ५ पेक्षा लहान आकडा छापू नये. 'भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष, स्वमग्न: १' असं छापलं की नाव छापल्यासारखंच झालं.

बैठकीची तयारी हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि गाडी घसरते तीही इथेच. कागदपत्रं ७ दिवस आधी. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोरा कागद; शीर्षकं नीट लावलेली वर्डची फाइल चालते. प्रत्येक विषयापुढे काय हवंय ते लिहावं: निर्णय, मत की नुसती माहिती. जे प्रश्न विचारणार ते शब्दशः आधी कळवावेत, कारण अचानक विचारलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर देणं हे एक वेगळंच कौशल्य आहे आणि त्याचा समजुतीशी संबंध नाही. बैठक ७५ मिनिटांची, ४०व्या मिनिटाला खरोखरची सुट्टी. सांकेतिक भाषेचे दुभाषे असतील तर दोघे, साधारण दर २० मिनिटांनी आलटून पालटून. एकटा दुभाषा तासाभराने अर्थ गाळायला लागतो आणि ते ऐकू येणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. बोलण्याआधी नाव सांगणं, एका वेळी एकानेच बोलणं. चॅटमध्ये लिहिलेलं मोठ्याने वाचायला एक माणूस नेमलेला हवा, नाहीतर अध्यक्ष "चॅट नंतर बघू" म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही. कॅमेरा बंद ठेवायची, उभं राहायची, हातात काही खेळवत बसायची मोकळीक. बैठकीनंतर ३ दिवस लेखी मत घ्यावं आणि त्याला तोंडी मताइतकंच वजन द्यावं.

प्रश्न विचारण्यातही खोट असते. "तुमचा अनुभव सांगा" असं म्हटलं की समोरचा माणूस आयुष्यातला वाईट प्रसंग काढून टेबलावर ठेवतो, सगळे हळहळतात, इतिवृत्तात 'हृदयस्पर्शी अनुभव' अशी नोंद होते आणि बैठक संपते. सांगणारा रात्री त्याच प्रसंगात अडकून बसतो. त्याऐवजी परीक्षेच्या वेळापत्रकाचा मसुदा पुढे ठेवून "यात कुठे अडेल?" असं विचारावं. सलग दोन दिवस तीन तासांचे पेपर असले तर जादा वेळ धरून ते पावणेचार तासांचे होतात, मधे विश्रांती धरली तर त्याहून लांब, आणि दीर्घकालीन थकव्याचा आजार असलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी उठूच शकत नाही. जादा वेळ हा त्याच्यावरचा उपाय नाहीच, त्याला पेपरांमध्ये एक दिवस हवाय. हे उत्तर मिळवायला कुणाचं दुःख उकरावं लागत नाही.

कामाचे पैसे द्यावेत, आणि तासावर द्यावेत. ७५ मिनिटांची बैठक म्हणजे दोन तास वाचन, बैठक आणि नंतरचं लेखन धरून सुमारे चार तास. बाहेरून सल्लागार आला तर विद्यापीठ त्याच्या प्रवासाचेही पैसे देतं. तोच नकाशा विद्यार्थ्याने तपासला तर त्याला प्रशस्तिपत्र. मोबदल्यामुळे कुणाच्या अपंगत्व भत्त्यावर परिणाम होणार असेल तर आधी विचारून घ्यावं. पैसे दोन आठवड्यांत मिळावेत आणि त्यासाठीचा फॉर्म भरता येण्यासारखा असावा. सुलभतेवर काम केल्याचे पैसे स्क्रीन रीडरला न वाचता येणाऱ्या फॉर्मात अडकून पडतात, हा विनोद फार ठिकाणी घडतो.

"विद्यार्थी शिकायला येतात, त्यांच्यावर हे ओझं कशाला?" हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. महिन्याला ६ तासांची मर्यादा, परीक्षेच्या काळात शून्य, कधीही कारण न देता बाहेर पडण्याची मुभा. शिवाय गट आहे म्हणून इमारतीची तांत्रिक तपासणी किंवा कक्षाचे कर्मचारी कमी करता येणार नाहीत. उताराची मापं घेणं हे विद्यार्थ्यांचं काम नव्हे.

"८ जण सगळ्यांच्या वतीने कसे बोलणार?" हा दुसरा आक्षेप. बोलणार नाहीतच. विद्यापीठाच्या इतर कुठल्याही समितीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे जाता जाता नमूद करायला हवं. पण गटातच मतं भांडतात हे खरं. ओठ वाचणाऱ्याला वक्त्याच्या तोंडावर भरपूर उजेड हवा. प्रकाशाचा त्रास होणाऱ्याला खोली मंद हवी. एकाला मार्गदर्शक कुत्रा हवा, शेजारच्याला कुत्र्याची ॲलर्जी. अशा वेळी मधला उजेड ठेवला तर दोघांचंही काम होत नाही. वक्त्यावर स्वतंत्र दिवा आणि मागच्या दोन रांगांवरचे दिवे वेगळ्या बटणावर, असा काहीतरी तोडगा लागतो, आणि तो बहुधा त्या दोघांना एकत्र बसवल्यावर १० मिनिटांत निघतो. काही वेळा निघत नाही. तेव्हा दोन खोल्या लागतात आणि खर्च येतो. तो खर्च आहे हे मान्य करावं.

उत्तर देण्याची शिस्त नसेल तर वरचं सगळं फुकट जातं. प्रत्येक सूचनेपुढे ३० दिवसांत चार गोष्टी लिहाव्यात: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. 'नाही' हे उत्तर चालतं, कारण दिलं असेल तर. 'विचाराधीन' चालत नाही. गट फुटतो तो नकारामुळे कमी आणि शांततेमुळे जास्त. मोजायचं तेही बदलावं. किती बैठका झाल्या हे सोडून, सोय मंजूर झाल्यापासून पहिल्या तासाला ती प्रत्यक्ष मिळेपर्यंत किती दिवस गेले आणि त्यासाठी विद्यार्थ्याला किती मेल लिहावे लागले, हे दोन आकडे दर सत्राला छापावेत. दुसरा आकडा विद्यापीठाकडे नसतो. तो विद्यार्थ्यांना विचारूनच मिळतो.

विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि त्यांच्याबरोबर सगळी आठवणही जाते. प्रशासन नवख्या गटाला जुनं उत्तर पुन्हा ऐकवतं. म्हणून दरवर्षी निम्माच गट बदलावा, आणि जुन्या-नव्यांनी एक महिना एकत्र काम करावं, त्याचेही पैसे घेऊन. हस्तांतराची फाइल १० पानांपेक्षा मोठी नको. झालेली कामं शेवटी. पहिल्या पानावर न सुटलेले प्रश्न, प्रत्येकापुढे तो पहिल्यांदा मांडल्याची तारीख आणि त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद.